लाखाच्या फौजेला दाणा किती? प्राचीन सैन्याच्या रसदीचा हिशेब मांडण्याची रीत

दादरला दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचे इतिहासवाचनाचे मंडळ भरते. कोणीतरी जुन्या युद्धाचे वर्णन वाचून दाखवते, त्यात पाच लाखांचे पायदळ, लाखभर घोडा, हजारो हत्ती असे आकडे येतात आणि ऐकणारे माना डोलावतात. माझे वडील मशीद बंदरच्या दाणाबंदरात धान्याच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. बाजार वाशीला हलल्यावर तेही रोज हार्बर लोकलने तिकडे जाऊ लागले, पण कोणताही मोठा आकडा कानावर पडला की त्यांचा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच असे, "गोणी किती झाल्या?" प्राचीन सैन्याच्या आकड्याला हाच प्रश्न कसा विचारायचा, त्यासाठी कोणती मापे घ्यायची, बेरीज कोठे चुकते आणि उत्तर आल्यावर त्याचा अर्थ काय लावायचा, हे मी मंडळात अनेकदा फळ्यावर मांडले आहे. तीच मांडणी येथे देतो. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढे साहित्य पुरते. गणित सातवीच्या पुढचे नाही.

हिशेबासाठी शेवटपर्यंत एकच फौज समोर ठेवावी, म्हणजे आकडे हातातून निसटत नाहीत. मी इ.स.पू. ३३१ मधील गॉगामेलाच्या लढाईतील अलेक्झांडरची फौज घेतो. तिच्यात सुमारे ४०,००० पायदळ आणि ७,००० घोडदळ होते, असे त्याच्या मोहिमांचा ग्रीक इतिहासकार आरियन सांगतो.

पहिले काम तोंडे मोजण्याचे

इतिहासकार लढणारे मोजतात. कोठीवाल्याला खाणारे मोजावे लागतात. मराठी वाचकाला बाजारबुणगे हा शब्द ठाऊक आहे आणि पानिपतावर १७६१ साली लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू, बायकामुले आणि नोकरचाकर उपाशी राहिले, हेही ठाऊक आहे. प्राचीन फौजेतही खोगीर घालणारा, दळण दळणारा, तंबू ठोकणारा माणूस असेच. फक्त तो आकड्यात दिसत नाही. अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप या बाबतीत कमालीचा कठोर होता. त्याने फौजेत गाड्या आणायला बंदी केली, दहा पायदळी शिपायांत एकच नोकर ठेवला (तोही जाते आणि दोरखंड वाहण्यासाठी), घोडेस्वाराला प्रत्येकी एक नोकर दिला आणि मोहिमेवर निघताना तीस दिवसांचे पीठ शिपायांच्याच पाठीवर दिले. या नियमाने आपल्या फौजेत ४,००० अधिक ७,००० असे ११,००० नोकर येतात. वैद्य, लोहार, यंत्रे हाकणारे, व्यापारी यांचे दोन हजार धरले की ६०,००० तोंडे होतात. हा अत्यंत काटकसरीचा आकडा आहे. ज्या फौजेच्या मागे असा फिलिप नव्हता, तिच्यासाठी दर लढवय्यामागे निदान आणखी एक माणूस धरावा, असे माझे मत आहे.

मग शिधा

शिध्याची मापे सुदैवाने जुन्या लिखाणातच मिळतात. ग्रीकांचे रोजचे माप खोइनिक्स, म्हणजे लिटरभराहून थोडे अधिक. गहू भरला तर सुमारे ८४० ग्रॅम. असे ४८ खोइनिक्स मिळून एक मेडिम्नोस, म्हणजे ढोबळमानाने ४० किलो गहू होतो. रोमन शिपायाला महिन्याला मेडिम्नोसच्या दोन तृतीयांश गहू मिळे, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस सांगतो. त्याचा रोजचा वाटा सुमारे ९०० ग्रॅम पडतो. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या प्रकरणात एका आर्य पुरुषाच्या जेवणाला एक प्रस्थ अखंड तांदूळ, त्याच्या चौथाईएवढे वरण आणि वर मीठ व स्नेह (तूप किंवा तेल) असा शिधा लिहिलेला आहे. ही मापे वेगवेगळ्या देशांची आणि काळांची असली तरी माणसाच्या पोटाची मर्यादा सगळीकडे तीच असल्याने, रोज एक किलो धान्य हे माप बिनधोक धरावे. आपल्या फौजेला मग रोज ६० टन धान्य लागते. गोण्यांत सांगायचे तर पन्नास किलोच्या १,२०० गोण्या, म्हणजे दहा टनी सहा ट्रक.

मापे बदलताना हात हमखास घसरतो. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने पर्शियाचा राजा झेर्क्सिसच्या इ.स.पू. ४८० च्या ग्रीसवरील स्वारीत नोकरचाकरांसह ५२,८३,२२० माणसे मोजली आणि माणशी एक खोइनिक्स धरून रोजचा गहू १,१०,३४० मेडिम्नोस लिहिला. ५२,८३,२२० ला ४८ ने भागून पाहा. उत्तर १,१०,०६७ येते. फरक २७३ मेडिम्नोसचा, म्हणजे रोज जवळजवळ अकरा टनांचा आहे. दाणाबंदरात एवढ्या तुटीवर हिशेबनिसाची नोकरी गेली असती. तरीही शिध्याचा भागाकार करून पाहावा हे त्याला सुचले, यासाठी मी त्याला मानतो.

धान्य म्हणजे जेवण नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. गहू दळावा लागतो, मळायला पाणी लागते, भाजायला जळण लागते. आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला एका वर्षी सहाशे माणसांची खिचडी करायची होती. तांदूळ, डाळ, तूप यांचा हिशेब मी स्वतः केला होता आणि तो चोख निघाला. पण दुसरे पातेले अर्धे शिजले असताना सिलिंडर संपला आणि पर्यायी सिलिंडर कोणी आणायचा हे कोणत्याही यादीत नव्हते. वर कोरडी आणि बुडाशी लागलेली ती खिचडी पाऊण तास झाकून ठेवली होती, आणि रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत गेली होती. सहाशे माणसांचे हे झाले. म्हणून तक्त्यात धान्याच्या शेजारी जळणाचा रकाना आधीच आखून ठेवावा. जंगलाच्या प्रदेशात तो रिकामा ठेवला तरी चालतो, वाळवंटात चालत नाही.

वडिलांचा दुसरा प्रश्न "घट धरलीस का?" असा असे. गोणी एका गोदामातून दुसऱ्या गोदामात जाईपर्यंत ओल, उंदीर, फाटके बारदान आणि हाताची सफाई यांत माल घटतोच. प्राचीन वाटेवर दहा टक्के घट मी कमीच समजतो. आपल्या उदाहरणात ती मुद्दाम धरलेली नाही, कारण मुख्य गोष्ट तिच्यावाचूनही दिसते.

जनावरांचे पोट

येथपर्यंतचा हिशेब बहुतेक जण करतात आणि येथेच थांबतात. सहा ट्रक म्हणजे काय मोठेसे, असे त्यांना वाटते. पण घोड्याला रोज साडेचार किलोच्या आसपास दाणा आणि तेवढीच सुकी वैरण लागते. सात हजार घोड्यांची चंदीच साडेएकतीस टन होते. तेवढीच वैरण निराळी. वाटेत हिरवे गवत आहे असे समजून वैरण तूर्त बाजूला ठेवू. रोजची गरज आता साडेएक्याण्णव टन धान्याची झाली.

चारा हा केवळ बेरजेतला रकाना नव्हे, हे दाखवायला मी मंडळात नेहमी शिवाजी महाराजांच्या काळातले, चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराला गेलेले पत्र सांगतो. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-गवत आताच उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग लष्कर रयतेच्या घरात शिरेल, ही ताकीद त्यात आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर जळती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. ते पत्र प्राचीन काळातले नसले तरी घोड्याचे पोट तेव्हाही तेवढेच होते.

हत्ती असतील तर पानच उलटावे लागते. मोठा हत्ती रोज सुमारे दीडशे किलो चारा खातो. चंद्रगुप्ताजवळ सहा लाख पायदळ, तीस हजार घोडदळ आणि नऊ हजार हत्ती होते, हा त्याच्या दरबारी आलेल्या ग्रीक वकील मेगास्थेनिसकडून आलेला आकडा रोमन लेखक प्लिनीने दिलेला आहे. सहा लाख माणसांना रोज ६०० टन धान्य पुरेल, पण नऊ हजार हत्तींना १,३५० टन चारा हवा. हे सगळे एका मैदानात उभे होते असे मानले तर आकडा हास्यास्पद ठरतो. राज्यभरातील गजवनांत, किल्ल्यांत आणि नदीकाठच्या ठाण्यांत विखुरलेले एकूण बळ म्हणून घेतले तर त्याला एकदम खोटे म्हणता येत नाही. आकडा खोटा आहे की चुकीच्या जागी वाचला जात आहे, हा फरक हिशेबातूनच कळतो.

खाणारे बारदान

आता या रीतीचा गाभा. धान्य वाहून न्यायचे कशावर? खेचर, तट्टू किंवा बैल यांच्या पाठीवर साधारण शंभर किलो बसते असे धरू. दाणाबंदरात मालाचे वजन करताना गोणीचे स्वतःचे वजन, म्हणजे बारदान, वजा करतात. वाहतुकीचे जनावर हेही बारदानच आहे. फरक एवढाच की ते चालते आणि रोज आतला माल खाते.

एक जनावर रोज साडेचार किलो दाणा खाते, म्हणजे दहा दिवसांच्या वाटेत शंभरातले पंचेचाळीस किलो त्याच्याच पोटात जातात आणि फौजेच्या वाट्याला पंचावन्न किलो उरतात. फौजेची दहा दिवसांची गरज ९१५ टन. भागाकार केला की जनावरांची संख्या सुमारे १६,६०० येते. हाच हिशेब निरनिराळ्या दिवसांसाठी करून पाहावा. पाच दिवसांसाठी ५,९०० जनावरे पुरतात. पंधरा दिवसांसाठी ४२,००० लागतात. वीस दिवसांसाठी १,८३,००० लागतात, कारण एकेका पाठीवर फौजेसाठी जेमतेम दहा किलो उरतात. बाविसाव्या दिवशी जनावराने शंभरपैकी नव्व्याण्णव किलो स्वतःच खाल्लेले असतात, आणि त्यापुढे जगातील सगळी खेचरे आणली तरी फौज उपाशीच राहते. वाटेत गवतही नसेल आणि वैरण बरोबर न्यायची असेल, तर दहा दिवसांसाठीच १,२३,००० जनावरे लागतात.

मंडळात मी हे आकडे एकेक करून फळ्यावर लिहितो. पाच दिवसांपर्यंत कोणी काही बोलत नाही. वीस दिवसांच्या आकड्याशी कोणीतरी हमखास म्हणते की गणित चुकले. मग मी खडू त्यांच्याच हातात देतो.

या हिशेबातही सूट भरपूर दिलेली आहे. दर पाच जनावरांमागे एक हाक्या धरला तर दहा दिवसांच्या तांड्याबरोबर तीन हजारांहून अधिक माणसे वाढतात आणि त्यांचा रोजचा तीन टनांचा शिधाही वाढतो. रिकामे झालेले जनावर परत पाठवायचे तर परतीचा दाणाही त्याच पाठीवर न्यावा लागतो आणि पल्ला निम्म्यावर येतो. ते कापून खाल्ले तर मांस मिळते, पण पुढच्या मुक्कामाला पाठ उरत नाही. शत्रूच्या मुलखात मिळवलेले एक माप धान्य घरून आणलेल्या वीस मापांच्या बरोबरीचे असते, असे सुन त्झू या चिनी सेनानीच्या नावावरचे वचन आहे. ते मला पूर्वी अतिशयोक्ती वाटे. विसाव्या-एकविसाव्या दिवसाचा भागाकार केल्यापासून वाटत नाही.

पाणी आणि वाट

पाणी साठवून नेण्याच्या फंदात हिशेब करणाऱ्याने पडूच नये. फक्त बेरीज करून पाहावी. माणशी दोन लिटर, जनावरामागे तीस लिटर धरले, तर साठ हजार माणसे, सात हजार घोडे आणि दहा दिवसांच्या तांड्यातील १६,६०० जनावरे मिळून रोज सव्वाआठ लाख लिटरहून अधिक पाणी पितात. ज्याच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो त्याला हे लगेच उमगेल: दहा हजार लिटरचे त्र्याऐंशी टँकर, तेही रोज. पखालीतून हे होत नाही. म्हणून नकाशावर फौजेची वाट आखताना नदी, तळे, विहिरींची रांग हीच वाट समजावी. अलेक्झांडर युफ्रेटिस ओलांडल्यावर सरळ बॅबिलोनकडे न उतरता उत्तरेकडून वळसा घालून गेला. त्या वाटेने घोड्यांना हिरवा चारा होता, मुलखात धान्य मिळत होते आणि ऊनही कमी होते, असे कारण आरियन देतो. त्या वळशाने त्याला टायग्रिसपलीकडे गॉगामेलाला नेले.

वाटेची लांबीही मोजावी. चालणारी त्रेपन्न हजार माणसे चारचारच्या ओळीत, ओळींत दीड मीटर अंतर ठेवून निघाली तर रांग वीस किलोमीटरची होते. घोडे दोनदोनच्या जोडीने आणखी साडेदहा किलोमीटर घेतात, तांडा पंचवीस. एकामागे एक लावले तर रांगेचे तोंड नालासोपाऱ्याला आणि शेपूट चर्चगेटला राहील. अर्थशास्त्रात फौजेची कनिष्ठ मजल एक योजन, मध्यम दीड आणि उत्तम दोन योजने दिलेली आहे. योजन साधारण तेरा ते पंधरा किलोमीटरचे धरले तर उत्तम मजलही तीस किलोमीटरच्या आत येते. म्हणजे पुढची तुकडी चूल पेटवते तेव्हा मागची अर्धी फौज सकाळच्याच तळावर बसलेली असते. मोठी फौज एका रस्त्याने जात नाही; ती फुटते, समांतर वाटा धरते आणि लढाईच्या आधी एकत्र येते. तिचे सर्वांत दुबळे दिवस ते एकत्र येण्याचे असतात, कारण तेवढ्या दिवसांत सगळी तोंडे एकाच विहिरीवर असतात.

पाण्यावरून वाहतूक

पाण्यावरून माल नेणारे वाहन धान्य खात नाही, आणि या एका गोष्टीने सगळे पारडे फिरते. रोमच्या कायद्यात शहराला धान्य पुरवणाऱ्या जहाजमालकांना सवलती देताना १०,००० मोदी (रोमनांचे धान्याचे माप) मावणाऱ्या जहाजाचा उल्लेख आढळतो. एक मोदी गव्हाचे पावणेसात किलोच्या आसपास होतात, तेव्हा असे जहाज ६५ ते ७० टन वाहते. साडेसहाशे जनावरांचा माल मूठभर खलाशी नेतात आणि वाऱ्याला चंदी लागत नाही. म्हणून झेर्क्सिसने ग्रीसच्या ईशान्येकडील थ्रेसच्या किनाऱ्यावर, डोरिस्कस आणि एइऑन यांसारख्या ठिकाणी धान्याची कोठारे आधीच भरवली होती आणि फौज किनारा धरून चालली.

मुंबईकराला हे समजायला दूर जावे लागत नाही. प्राचीन सोपारा आणि कल्याण ही बंदरे आणि घाटमाथा यांच्यात नाणेघाट उभा आहे. त्याच्या माथ्याजवळचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. त्या पायऱ्यांवरून गाडी जात नाही, पाठीवर लादलेला बैलच जातो. बंदरावर शेकडो टनांनी उतरलेला माल घाटाच्या पायथ्याशी शंभर-शंभर किलोंत फुटतो. कोणत्याही मोहिमेच्या नकाशावर हा फुटण्याचा बिंदू शोधून त्यावर खूण करावी. तेथून पुढे बाविसाव्या दिवसाची भिंत लागू होते.

समुद्र आणि फौज यांची चुकामूक झाली की काय होते ते इ.स.पू. ३२५ मध्ये गेद्रोशियाच्या, म्हणजे आजच्या बलुचिस्तानच्या, वाळवंटात दिसले. किनाऱ्याने येणाऱ्या, सरदार नेआर्कसच्या आरमारासाठी अलेक्झांडरने स्वतःची मोहर लावून धान्य किनाऱ्याकडे पाठवले. पहाऱ्यावरच्या भुकेल्या शिपायांनीच मोहर फोडून ते खाल्ले. राजाने त्यांना शिक्षा केली नाही.

मुलूख किती देऊ शकतो

पाचशे वस्तीच्या गावात सुगीनंतर माणशी अडीचशे किलो धरून सव्वाशे टन धान्य असते. बियाणे आणि गावाचे पोट सोडून एक पंचमांश उचलले तर पंचवीस टन मिळतात. आपल्या फौजेची गरज तांड्याच्या दाण्यासह रोज १६६ टन आहे, म्हणजे रोज सहा ते सात गावे लागतात. चालती फौज हे करू शकते. तीच फौज एका जागी दहा दिवस बसली तर पासष्ट-सत्तर गावे झाडावी लागतात, आणि एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या घेऱ्यात तितकी गावे बहुधा नसतात. पंचमांशाचा नियम मग कोणी पाळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

ऋतू येथेच तक्त्यात येतो. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन का, तर पाऊस सरलेला असतो, नद्यांना उतार पडलेला असतो, गवत उभे असते आणि खरीप हाताशी आलेले असते. कौटिल्य मार्गशीर्ष, चैत्र आणि ज्येष्ठ अशा तीन कूचवेळा सांगतो आणि प्रत्येकीची सांगड शत्रूचे कोणते पीक कापणीला व कोणते पेरणीला आले आहे याच्याशी घालतो. निघण्यापूर्वी वाटेतील गावे आणि राने येथील गवत, जळण आणि पाणी मोजून मुक्काम ठरवावेत आणि गरजेच्या दुप्पट शिधासामग्री न्यावी, असेही तो सांगतो. माझ्या तक्त्यातले गवत, जळण आणि पाणी हे रकाने मी तेथूनच घेतले आहेत.

आता रीत चालवून पाहू

झेर्क्सिसचे बावन्न लाख घ्या. खोइनिक्सच्या मापाने रोज ४,४०० टनांहून अधिक गहू, म्हणजे दहा टनी सव्वाचारशेहून जास्त ट्रक. आणि यात बायका, जनावरे व कुत्री धरलेली नाहीत, असे हेरोडोटस स्वतःच लिहितो. एका दिवसाचा माल पाठीवर घ्यायलाच चव्वेचाळीस हजार जनावरे हवीत. नुसते सतरा लाख पायदळ दहादहाच्या ओळीत चालले तरी रांग २५५ किलोमीटरची, म्हणजे मुंबईपासून जवळजवळ साताऱ्यापर्यंत. आधुनिक अभ्यासक हा आकडा काही लाखांच्या आत आणतात ते उगीच नाही. पण आकडा पडला म्हणून बाकीचे वर्णन टाकून देऊ नये. कोठारांची नावे, थासोस बेटाच्या एका माणसाने राजाच्या एका जेवणावर केलेला चारशे टॅलंट (ग्रीकांचे मोठे वजनी माप) चांदीचा खर्च, राजा दिवसातून दोनदा जेवत नाही याबद्दल देवांचे आभार माना असे थ्रेसमधल्या आब्देरा शहराच्या माणसाने गावकऱ्यांना सांगणे, हे सगळे ज्यांच्या अंगणातून फौज गेली त्यांच्या तोंडचे वाटते.

महाभारतातील अठरा अक्षौहिणींना ही रीत लावू नये, असे माझे मत आहे. एका अक्षौहिणीत २१,८७० हत्ती, म्हणजे अठरांत ३,९३,६६०, आणि त्यांचा चाराच रोज एकोणसाठ हजार टन होतो. काव्याच्या संख्येला कोठीचे माप लावून काही हाती लागत नाही. उडुपीच्या राजाने दोन्ही सैन्यांना जेवण पुरवले आणि कृष्णाने खाल्लेल्या भुईमुगाच्या शेंगांवरून तो उद्याचे मृत्यू मोजत असे, ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट मात्र मला आवडते, कारण तिच्यातल्या आचाऱ्याला उरलेल्या भाताची काळजी आहे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीज काळानंतर आला, एवढे ती गोष्ट विसरते.

खरा सराव करायचा तर इ.स.पू. ४७९ ची ग्रीक आणि पर्शियन यांची प्लाटिआची लढाई घ्यावी. हेरोडोटस ग्रीक बाजूला हलक्या शस्त्रांच्या लोकांसह १,१०,००० माणसे देतो. त्यांचा रोजचा गहू खोइनिक्सच्या मापाने ९२ टन. फौजा समोरासमोर अडून बसलेल्या असताना पर्शियन घोडदळ रात्री किथेरॉन डोंगराच्या खिंडीत उतरले आणि दक्षिण ग्रीसमधील पेलोपॉनेसहून धान्य घेऊन येणारी पाचशे जनावरे हाक्यांसह पकडली. काही कापली, उरलेली हाकून नेली. पाचशे पाठी म्हणजे पन्नास टन, आकडा खरा मानला तर ग्रीकांचे जेमतेम अर्ध्या दिवसाचे अन्न. एवढ्याशा मालाची एवढी दखल घेतली गेली, यावरून दोनच गोष्टी संभवतात: असे तांडे रोज येत होते आणि हा पकडल्यावर पुढचे थांबले, किंवा खाणारी तोंडे सांगितली त्याहून कमी होती. पुढे घोडदळाने गार्गाफिया हा झरा तुडवून निकामी केला आणि ग्रीकांना रात्रीच तळ हलवावा लागला. धान्याचा तुटवडा लढवय्यांनी दिवसेंदिवस सोसला, पाण्याचा एक दिवसही सोसता आला नाही.

उत्तर लिहिताना एक आकडा लिहू नये. कमाल आणि किमान लिहावे, शेजारी ऋतू, मुक्कामाचे दिवस, जवळचे पाणी आणि माल कोठे फुटतो ते लिहावे. प्लाटिआच्या पानावर माझी शेवटची ओळ अशी आहे: ऐंशी हजार ते एक लाख दहा हजार तोंडे, रोज १,३०० ते १,८५० गोण्या, झरा एक, खिंडीतून वाट, घट धरलेली नाही.